रविवारचे चिकित्सालय आणि 'सदातुर' पण्यजीवी

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, अकराव्या अध्यायात, सदातुर म्हणजे नित्य रोगी कोण याचा विचार आला आहे. श्रोत्रिय, राजसेवक व वेश्या यांच्या जोडीला तेथे पण्यजीवी, म्हणजे व्यापारी, गणले आहेत. उपस्थित वेगांचे धारण आणि अकाली भोजन ही सर्वांची समान कारणे होत. व्यापाऱ्याच्या बाबतीत क्रयविक्रयाचा लोभ व अत्यासन यांची त्यात भर पडते. फलवर्ती व बस्तीच्या निमित्ताने हा भाग आपण सारेच वाचतो. परंतु सोलापुरातील औषधालयांच्या व चिकित्सालयांच्या रविवारच्या वेळा पाहिल्या की तो आपल्यालाच उद्देशून असावा असे वाटू लागते. (वैद्याचे नाव त्या यादीत नाही. त्या काळी वैद्य गल्ल्यावर बसत नसावा, एवढेच.)

रविवारची सुटी आपल्याकडे सहजासहजी मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १० जून १८९० रोजी मिळाली. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला मान्यता दिली. गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या सोलापूरला तिचे मोल सांगावयास नको. दुकानांच्या बाबतीत १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवण्याचे सर्वसाधारण बंधन होते. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्यास मुभा दिली. मात्र कामगारास साप्ताहिक सुटी देण्याचे तत्त्व राखले. नोकराची सुटी कायदा पाहतो, मालकाची कोणी पाहत नाही. आपल्यापैकी बहुतेक औषधालयांत तर मालक, विक्रेता व हिशेबनीस एकच असतो.

रविवारी रुग्ण येतात हे खरे. यंत्रमागावरील व विडी वळणाऱ्या कष्टकऱ्यांना रोजंदारी बुडवून दवाखान्यात येणे परवडत नाही. खेड्यातील मंडळी नोकरदार मुलाच्या सुटीच्या दिवशी शहरात येतात. मार्गशीर्षात बाळे येथील खंडोबाची रविवारची यात्रा करून वृद्ध आई-वडिलांना दाखवून जाणारेही असतात. त्यांना दार बंद दिसावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सायंकाळी उघडून रात्री साडेनऊला बंद होणारे औषधालय, अकराचे जेवण व बाराची झोप हा क्रम सहा दिवस चालल्यावर सातवी सकाळही दुकानात गेली, तर देहाने भरपाई करावी केव्हा?

वाग्भटांनी येथे नेमकी व्यवस्था सांगितली आहे: सवयीबाहेर रात्री जागरण घडल्यास त्याच्या अर्ध्या वेळेइतकी झोप सकाळी, भोजनापूर्वी घ्यावी. दुपारची वामकुक्षी ही त्याची जागा घेऊ शकत नाही. भोजनोत्तर दिवास्वापाला ग्रीष्माचा अपवाद आहे, आणि सोलापूरच्या वैशाखात तो कोणीही आनंदाने स्वीकारील. एरवी तो कफप्रकोपकच. रात्रिजागरणाने रूक्षता व वातवृद्धी, हे आपण रोज रुग्णाला सांगतो. मलावष्टंभ, अम्लपित्त व कटिशूल घेऊन येणाऱ्या व्यावसायिक बंधूंची दिनचर्या विचारली असता रविवारच्या वेळेचा उल्लेख हमखास येतो. घरातील मुलांना शाळा नसते तोच एक वार. त्या दिवशी वडील गल्ल्यावर, आणि पुष्कळदा आई पुड्या बांधण्यास.

सरसकट रविवार बंद हा उपाय पंचकर्म करणाऱ्यांना लागू होणार नाही. योगबस्ती आठ दिवसांची. कोणत्याही वारी आरंभ केला तरी तीत एक रविवार येतोच. सोळा दिवसांच्या कालबस्तीत किमान दोन, तीस दिवसांच्या कर्मबस्तीत किमान चार. क्रम मोडता येत नाही, म्हणून माणूस बदलला पाहिजे. एका पेठेतील तीन-चार वैद्यांनी रविवार वाटून घ्यावेत, चालू बस्तिक्रमाची नोंद व मात्रा लेखी सोपवावी, आणि त्या दिवशीचे शुल्क काम करणाऱ्याचे असावे. दुसऱ्याचा रुग्ण पुढील सोमवारी आपल्याकडे ओढावयाचा नाही, हे आधी मोकळेपणाने ठरवून घ्यावे लागेल. बहुतेक ठिकाणी बोलणे येथेच अडते. औषधालयांनीही पाळीने उघडे राहावे व बंद दारावर त्या दिवशी उघड्या असलेल्या दुकानाचा पत्ता लावावा.