एका गोळीची दोन पारडी

टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे जुने, स्वस्त आणि अतिशय बारकाईने तपासले गेलेले औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचे नाव आहे. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९६ मध्ये त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच गटात, घातले. स्तनाचा कर्करोग ते रोखते आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढवते, हे त्या एकाच अहवालात नोंदलेले आहे. टॅमॉक्सिफेनचा सारा वाद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडला.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये बीजकोश काढल्यावर स्तनातली गाठ आकसते हे दाखवले. बीजकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन पेशींतल्या विशिष्ट रिसेप्टरला चिकटून काम करते, हे पुढे शिकागोचे एल्वुड जेन्सन यांनी उलगडले. ज्या गाठींत हा रिसेप्टर असतो त्या इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात. टॅमॉक्सिफेन त्या रिसेप्टरवर आधीच जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा मिळू देत नाही.

हे औषध कर्करोगासाठी शोधले गेलेच नव्हते. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात ऑल्डर्ली पार्क येथे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीची प्रयोगशाळा होती. आर्थर वॉलपोल यांचा गट तेथे गर्भनिरोधकाच्या शोधात होता आणि त्याच गटातल्या रसायनतज्ज्ञ डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये हा रेणू घडवला. प्रयोगशाळेच्या वहीत त्याला ४६,४७४ हा क्रमांक मिळाला. याच अणूंची, याच क्रमाची, पण दुहेरी बंधाभोवती उलट बाजूला वळलेली एक जुळी रचनाही हाती आली. त्यातली एक इस्ट्रोजेनला अडवणारी निघाली, तर दुसरी स्वतःच इस्ट्रोजेनसारखी वागणारी. विरोधक आणि नक्कल यांच्यात इतकेच अंतर असावे, ही गोष्ट रसायनशास्त्रातल्या सुंदर गोष्टींपैकी एक मानायला हवी. उंदरांत गर्भधारणा थांबली. स्त्रियांत मात्र उलटाच प्रकार झाला, या औषधाने बीजोत्सर्गाला चालनाच मिळू लागली. गर्भनिरोधक म्हणून ते तेथेच संपले.

ज्या वाटेवर ऑल्डर्ली पार्कला अपयश आले त्याच वाटेवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेला यश मिळाले. टॅमॉक्सिफेनप्रमाणेच काही अवयवांत इस्ट्रोजेनला अडवणारे सेंटक्रोमन हे औषध नित्यानंद यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झाले आणि ‘सहेली’ या नावाने १९९१ पासून आठवड्यातून एकदा घ्यायची गर्भनिरोधक गोळी म्हणून बाजारात आले. सरकारी आरोग्य केंद्रांतून ‘छाया’ या नावाने मिळणारी गोळी तीच. या गोळीचे शास्त्रीय कर्तृत्व भारतात पुरेसे ओळखले गेलेले नाही.

टॅमॉक्सिफेनला दुसरा जन्म मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात मिळाला. मेरी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग पसरलेल्या ४६ स्त्रियांना ते दिले. दहा जणींच्या गाठी आकसल्या. हा निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा लहान होता, पण तेव्हाच्या संप्रेरक-उपचारांच्या मानाने त्रास फारच कमी होता. ब्रिटनने १९७३ मध्ये आणि अमेरिकेने १९७७ मध्ये परवानगी दिली. दरम्यान क्रेग जॉर्डन या तरुण संशोधकाने मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर संस्थेत उंदरांवर प्रयोग करून हे औषध रोग होण्याआधीही उपयोगी पडू शकेल असे दाखवले.

रोग झालेल्या स्त्रीच्या बाबतीत पारडे कोणत्या बाजूला झुकते याबद्दल आज वाद उरलेला नाही. रिसेप्टर असलेल्या गाठीवर शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतले तर पहिल्या दशकात रोग उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते आणि या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. पाचऐवजी दहा वर्षे गोळी घेणाऱ्यांचा ‘ॲटलास’ हा मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाचव्या ते चौदाव्या वर्षांतले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू १५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर आले, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता १.६ वरून ३.१ टक्क्यांवर गेली. भारतात हा रोग पाश्चात्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो. पाळी चालू असताना, इस्ट्रोजेन तयार करणारे ॲरोमॅटेज हे विकर रोखणारी नवी औषधे एकटी पुरी पडत नाहीत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कर्करोग रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात टॅमॉक्सिफेनची चिठ्ठी आजही सहज दिसते. गोळीच्या खोक्यातला कागद वाचून, ‘यानेच कॅन्सर होतो’ अशा धास्तीने काही जणी ती परस्पर बंद करतात. या सगळ्या प्रकरणातली सर्वात खेदाची गोष्ट तीच आहे, कारण त्यांच्याच बाबतीत हिशेब सर्वात स्वच्छ आहे.

धोका कसा कळला, तो भाग मोठा विलक्षण आहे. जॉर्डन पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात आले. त्यांच्या गटाने १९८८ मध्ये प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या एका बाजूला मानवी स्तनाच्या कर्करोगाची गाठ रुजवली आणि दुसऱ्या बाजूला गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची. उंदीर एक, रक्त एक, औषधही एकच. स्तनाची गाठ दबली आणि गर्भाशयाची वाढली. एका अवयवात कुलूप लावणारी किल्ली दुसऱ्या अवयवात तेच कुलूप उघडते, हे त्या एका प्राण्याच्या दोन कुशींत दिसले. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममधल्या रुग्ण स्त्रियांच्या नोंदींतूनही तोच धोका समोर आला. हाडांत आणि यकृतात हे औषध इस्ट्रोजेनसारखे वागते. म्हणून पाळी गेलेल्या स्त्रीची हाडे टिकतात, कोलेस्टेरॉल उतरते, पण रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. फायदे आणि तोटे एकाच स्वभावातून येतात. त्यामुळे एक गाळून दुसरे ठेवता येत नाही.

खरा वाद पेटला तो निरोगी स्त्रियांवरून. अमेरिका आणि कॅनडात १९९२ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या गटाने सरासरीपेक्षा जास्त धोका असलेल्या १३,३८८ स्त्रियांची चाचणी सुरू केली. निम्म्या जणींना टॅमॉक्सिफेन, निम्म्या जणींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. रोग टाळला जातो की एका रोगाच्या बदल्यात दुसरा पदरात पडतो, असा प्रश्न टीकाकारांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मधून विचारला होता. उत्तर १९९८ मध्ये आले. पसरणारा स्तनाचा कर्करोग कोऱ्या गोळीच्या गटात १७५ जणींना झाला, तर टॅमॉक्सिफेनच्या गटात ८९ जणींना. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग मात्र १५ विरुद्ध ३६. फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रसंग ६ विरुद्ध १८, पक्षाघात २४ विरुद्ध ३८. रिसेप्टर नसलेल्या गाठींवर काहीच परिणाम नव्हता.

निकाल इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा चौदा महिने आधी उघड करण्यात आली आणि कोऱ्या गोळीच्या गटातल्या स्त्रियांनाही औषधाचा पर्याय खुला झाला. त्या स्त्रियांच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण त्यामुळे एक प्रश्न कायमचा अर्धवट राहिला. कर्करोग कमी झाले, पण मृत्यू कमी झाले का? त्याच सुमारास लंडनच्या रॉयल मार्स्डन रुग्णालयातल्या आणि इटलीतल्या लहान चाचण्यांत फायदा दिसला नाही. पुढे ७,००० हून अधिक स्त्रियांच्या ‘आयबिस’ चाचणीत तो पुन्हा दिसला. दीर्घकाळ मागोवा घेतल्यावर, २२ जणींनी पाच वर्षे गोळी घेतली तर वीस वर्षांत एकीचा कर्करोग टळतो, असे गणित २०१५ मध्ये निघाले. मृत्यूंच्या संख्येत मात्र फरक दिसलेला नव्हता. निरोगी स्त्रीला सल्ला देताना हे वाक्य आवर्जून सांगितले गेले पाहिजे.

या गोंधळात खऱ्या अर्थाने तराजू हाती घेतला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले संख्याशास्त्रज्ञ मिचेल गेल यांनी. त्यांच्या गटाचा १९९९ चा लेख या विषयातला सर्वात शहाणा लेख आहे. त्यांनी प्रत्येक घटनेला वजन दिले. स्तनाचा पसरणारा कर्करोग, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, पक्षाघात, फुप्फुसातली गुठळी आणि खुब्याचे हाड मोडणे या जिवावरच्या घटनांना एक. पायातली गुठळी आणि न पसरलेला कर्करोग यांना अर्धे. मोतीबिंदू, मनगटाचे हाड मोडणे वगैरेंना शून्य. मग एका वयाच्या दहा हजार स्त्रिया घ्यायच्या. पाच वर्षांत किती घटना टळतील आणि किती ओढवतील ते मांडायचे, वजनाने गुणायचे आणि वजाबाकी करायची.

एक उदाहरण घेतले तर पद्धत लगेच कळते. चाळिशीतली, पाच वर्षांत कर्करोगाची शक्यता दोन टक्के असलेली स्त्री. अशा दहा हजार जणींत दोनशे कर्करोग अपेक्षित. गोळीने त्यांतले जवळजवळ शंभर टळतात. पक्षाघात, गुठळ्या आणि गर्भाशयाचा कर्करोग या वयात मुळातच विरळ, म्हणून ते दुपटी-तिपटीने वाढले तरी बेरीज लहान राहते. पारडे फायद्याकडे झुकते. आता तीच दोन टक्क्यांची शक्यता, पण वय साठ आणि गर्भाशय शाबूत. टळणारे कर्करोग तेवढेच आहेत, पण समोरच्या पारड्यात वयाबरोबर वाढलेले पक्षाघात आणि गुठळ्या आहेत. पारडे उलटे झुकते. गर्भाशय आधीच काढलेले असेल तर ते पुन्हा सरकते. गोळी तीच, मात्राही तीच, फक्त पारड्यात बसलेली बाई बदलली. ‘हे औषध चांगले की वाईट’ या प्रश्नाला उत्तर का मिळत नव्हते, ते या हिशेबाने दाखवून दिले.

या तराजूलाही मर्यादा आहेत. वजने माणसांनी ठरवलेली आहेत. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, अनियमित रक्तस्राव आणि रात्रीची उडालेली झोप यांना त्यात जागाच नाही, आणि पाच वर्षे गोळी घेणाऱ्या स्त्रीला रोज भेडसावते ते हेच. शिवाय दर अमेरिकेचे आहेत. भारतात स्तनाच्या कर्करोगाचे एकूण प्रमाण कमी असल्याने निरोगी स्त्रीच्या बाबतीत फायद्याचे पारडे मुळातच हलके राहते. अमेरिकेत परवानगी मिळूनही निरोगी स्त्रियांपैकी फारच थोड्यांनी ही गोळी घेतली. त्यांचा निर्णय अज्ञानातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. चालत्या-फिरत्या माणसाला दोन टक्क्यांच्या भीतीपेक्षा आजची झोप मोठी वाटू शकते आणि तीही एक प्रकारची तोलणीच आहे.

अलीकडे तराजूऐवजी मात्राच बदलून पाहिली गेली. इटलीतल्या आंद्रेआ डी चेन्सी यांच्या गटाने न पसरलेला कर्करोग किंवा तत्सम पेशीबदल आढळलेल्या ५०० स्त्रियांना नेहमीच्या २० ऐवजी ५ मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन किंवा कोरी गोळी तीन वर्षे दिली. सुमारे पाच वर्षांनंतर रोग पुन्हा आढळला तो औषधाच्या गटात १४ जणींना, कोऱ्या गोळीच्या गटात २८ जणींना. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग औषधाच्या गटात एकीला झाला. अभ्यास लहान आहे, पण पाव मात्रेत निम्मे रोग टळले ही गोष्ट मोलाची आहे. पाच मिलिग्रॅमची गोळी सर्वत्र मिळत नाही. जिथे ती नसते तिथे डॉक्टर दहा मिलिग्रॅमची गोळी एक दिवसाआड घ्यायला सांगतात.