गिटारला घरच्या घरी नवी झळाळी

मुलाची इलेक्ट्रिक गिटार रंग उडून कोपऱ्यात पडली आहे? टाकून देण्याची घाई करू नका. हट्ट्यासारख्या गावात वाद्यांचा कारागीर सहसा मिळत नाही. पण हे काम तुमच्याच हातून होण्यासारखे आहे. या गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तारांची थरथर लोहचुंबकाभोवतीचे वेटोळे टिपते, म्हणून वरचे पॉलिश बदलल्याने आवाज फारसा बदलत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचे तसे नाही. त्याचा पोकळ भोपळाच घुमतो; तो मात्र कारागिराकडेच द्या हं!

आधी तारा सैल करून काढा. आतल्या वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या, स्क्रू डबीत ठेवा. मग मास्क लावून 120 नंबरच्या पॉलिशपेपरने जुना रंग काढा. पुढे 220 आणि 320 नंबरने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा. बोटे फिरतात त्या पट्टीला हात लावू नका.

काचेच्या बरणीत पाव लिटर पॉलिशच्या स्पिरिटात 40 ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवा आणि गाळून घ्या. मलमलीत कापूस बांधून पुरचुंडी करा व पातळ हात द्या. तासातासाने असे सहा-सात हात पुरेत.

स्पिरिट चटकन पेट घेते. काम अंगणात करा. जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको. बरणी मुलांपासून दूर ठेवा. दमट हवेत लाख पांढुरकी पडते, म्हणून पावसाळा टाळा. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. आठवडाभर वाळू द्या, मगच तारा चढवा.