थकलेलं भाडं आणि हातचे गेलेले महिने

भाडं थकणार याची चाहूल आधी फोनवरच लागते. पाच तारखेला न चुकता जमा होणारी रक्कम बारा तारखेला येते, पुढच्या महिन्यात निम्मीच येते आणि तिसऱ्या महिन्यात फोन उचलला जात नाही. या काळात बहुतेक घरमालक नुसते थांबतात. माणसं चांगली आहेत, मुलं इथल्याच शाळेत जातात, ‘दिवाळीनंतर नक्की देतो’ म्हणालेत, अशी स्वतःची समजूत घालत राहतात. मग एक दिवस संयम सुटतो आणि तोच मालक थेट दुसऱ्या टोकाला जातो. पाण्याचा कॉक बंद करतो, मीटरचा फ्यूज काढतो, दाराला नवं कुलूप घालतो. गप्प बसण्यात त्याचे पैसे जातात आणि कुलूप घालण्यात त्याची कायदेशीर बाजूच जाते. या दोन्हींच्या मधला रस्ता लेखी कागदाचा आहे आणि तो पहिल्या थकलेल्या महिन्यातच धरायला हवा.

हे तळमळीने सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडचा घरमालक क्वचितच धनाढ्य असतो. निवृत्तीच्या पैशातून दुसरा छोटा फ्लॅट घेतलेले शिक्षक असतात. नवऱ्यामागे त्याच भाड्यावर औषधपाणी भागवणारी बाई असते. येणाऱ्या भाड्यातूनच बँकेचा हप्ता फेडणारं तरुण जोडपंही असतं. समोरच्या बाजूला नोकरी गेलेला, दुकान बसलेला किंवा घरात मोठं आजारपण आलेला भाडेकरू असतो. दोघांच्याही गाठीला फार तर महिन्या-दोन महिन्यांची पुंजी असते. त्यामुळे या भांडणात प्रत्येक आठवडा महाग पडतो.

महाराष्ट्रात सगळ्यात आधी एक गोष्ट तपासायची: आपल्या हातात कागद कोणता आहे? जुन्या वाड्यातली खोली, चाळीतलं बिऱ्हाड, पागडीचं घर, पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने चालणारं दुकान ही सारी भाडेदारी. फ्लॅट देताना एजंट जो करून देतो तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार, म्हणजे घर वापरण्याची ठरावीक मुदतीची परवानगी. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो. भाडं थकल्यावर मात्र दोघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात.

भाडेदारीचा कायदा भाडेकरूकडे झुकलेला का आहे, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. मुंबईत भाडं नियंत्रणाचा पहिला कायदा १९१८चा, पहिल्या महायुद्धाच्या काळातला. गिरण्यांच्या शहरात माणसं वाढत होती आणि घरं पुरत नव्हती. पुढे १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली. तेव्हा ते गरजेचंच होतं. पण तो तात्पुरता बांध दशकानुदशकं तसाच राहिला. छप्पर शाकारायलाही भाड्याचे पैसे पुरेनात, वाडे आणि चाळी खचत गेल्या. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. तेव्हा मालकांच्या मनात जी धास्ती बसली ती अजून गेलेली नाही. कुलूपबंद फ्लॅट परवडला पण भाडेकरू नको, हे वाक्य आजही मध्यमवर्गीय घरांत ऐकू येतं. अखेर डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचं सांगितलं. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. विदर्भ आणि मराठवाड्यात तोवर वेगळे कायदे होते. आता राज्यभर हा एकच आहे.

या कायद्याच्या १५व्या कलमात थकबाकीचा सगळा हिशोब आहे. भाडेकरू ठरलेलं भाडं देतो आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. भाडं थकलं तर मालकाने लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. जुन्या कायद्यात ही मुदत एक महिन्याची होती. त्या ९० दिवसांत पैसे आले तर दावा लावता येत नाही. नाही आले तर मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात आणि ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयात दावा दाखल होतो. मग भाडेकरूला आणखी एक संधी मिळते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने संपूर्ण थकबाकी, तिच्यावर वर्षाला १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, आणि दावा चालेपर्यंत पुढचं भाडं नियमित भरत राहिला, तर त्याचं घर वाचतं.

मालकांना हे अन्यायाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्या घरात दोन पिढ्या गेल्या, ते चार महिन्यांच्या बेकारीपायी जाऊ नये, हा या कलमामागचा विचार योग्य आहे आणि व्याजाचा दर मालकाला तोट्यात टाकणारा नाही. महिना ५,००० रुपये भाडं वर्षभर थकलं, तर ६०,०००वर सुमारे ४,९०० रुपये व्याज होतं. अन्याय होतो तो नंतर, दावा वर्षानुवर्षं रेंगाळतो तेव्हा. त्या विलंबावर मालकाचा ताबा नाही. नोटीस कधी पाठवायची, हे मात्र पूर्णपणे त्याच्याच हातात असतं. सहाव्या महिन्यात पाठवलेली नोटीस म्हणजे ९० दिवसांचं घड्याळ सहाव्या महिन्यात सुरू करणं.

नोटीस पोचल्याचा पुरावा हवा. पोस्टाने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी, किंवा हाती देऊन सही घ्यावी. हाती देणं शक्य नसेल तर कायदा घराच्या दर्शनी भागावर ती चिकटवायचीही मुभा देतो. नोटिशीत महिनावार रक्कम लिहायची आणि वाढवून काही मागायचं नाही. फुगवलेला आकडा समोरच्या वकिलाच्या हाती आयतं शस्त्र देतो.

आता लिव्ह अँड लायसन्सकडे येऊ, कारण आज बहुतेक फ्लॅट याच कागदावर दिले जातात. इथे २४वं कलम लागतं. राहत्या घराच्या परवान्याची मुदत संपली आणि माणूस उठला नाही, तर न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हा खास याच कामासाठी नेमलेला अधिकारी. समन्स मिळाल्यावर राहणाऱ्याने ३० दिवसांत बचाव मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरून आदेश होतो. मुदत संपल्यापासून घर सोडेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू होते, म्हणजे १८,००० रुपयांच्या घराला महिना ३६,०००. लेखी करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. ही वाट फक्त राहत्या घरांसाठी आहे. दुकान किंवा ऑफिस परवान्यावर दिलं असेल तर न्यायालयच गाठावं लागतं.

पण मुदतीच्या मध्येच भाडं थकलं तर? अशा वेळी करारातली एक ओळ कामाला येते: सलग अमुक महिने भाडं थकलं तर नोटीस देऊन परवाना रद्द करता येईल. एजंटच्या तयार मसुद्यात ही ओळ असतेच असं नाही आणि असली तर ‘लॉक-इन’च्या, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता न येण्याच्या, कलमाशी तिचा मेळ नसतो. सही करण्याआधी ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी आणि थकबाकीला लॉक-इनचं संरक्षण नाही असं स्पष्ट लिहून घ्यावं.

आणि ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?’ हा समज महाराष्ट्रात धोक्याचा आहे. एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, हे सर्वसाधारण नोंदणी कायद्याचं तत्त्व लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. आपल्या भाडे कायद्याचं ५५वं कलम मात्र मुदत कितीही असली तरी लेखी आणि नोंदणीकृत करार मागतं आणि तो करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकतं. नोंदणी नसेल तर दंड किंवा कैद होऊ शकते. त्याहून जाचक परिणाम दुसराच आहे. वाद झाल्यास अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं आणि ते खोटं ठरवण्याचं ओझं मालकावर येतं. तुम्ही म्हणता भाडं १८,००० ठरलं होतं, तो म्हणतो १२,०००. रोखीने घेतलेल्या भाड्याचा पुरावा तुम्ही कुठून आणणार? हजार रुपये नोंदणी शुल्क आणि थोडी स्टॅम्प ड्युटी वाचवायला कितीतरी सुशिक्षित माणसं ही जोखीम घेतात, याचं वाईट वाटतं.

अनामत रकमेवर फार विसंबू नये. १८,००० भाडं आणि ५०,००० डिपॉझिट असेल, तर तिसऱ्या महिन्याअखेर थकबाकी ५४,००० होते आणि डिपॉझिट पुरं पडत नाही. त्यावर मालकाच्या नावाचं वीजबिल, पाइप गॅसचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स. ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ असं भाडेकरू म्हणाला की मालकाला हायसं वाटतं, पण तिथून पुढे तो विनातारण घर देत असतो. भाडं डिपॉझिटमधून वळतं होणार नाही, हे पहिल्याच पत्रात लिहावं.

ते पहिलं पत्र कधी? देय तारखेनंतर आठवडा उलटला की. आधी फोन जरूर करावा, शक्य असेल तर जाऊन भेटावं आणि अडचण काय आहे ते मनापासून ऐकावं. पगार लांबला आहे की नोकरीच गेली आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. बोलणं झालं की त्याच दिवशी ते लिहून पाठवावं: कोणत्या महिन्याचे किती बाकी, किती आले, उरलेले कोणत्या तारखेला द्यायचं ठरलं. सुरुवातीला व्हॉट्सअॅपचा निरोपही चालेल, त्याला आलेलं ‘हो, देतो’ हे उत्तर पुढे उपयोगी पडतं. दुसरी तारीख चुकली की कागदावर पत्र. त्यात राग नसावा, आकडे असावेत.

थोडे पैसे आले तर घ्यावेत, पण कोणत्या महिन्यापोटी घेतले ते पावतीवर लिहावं. भाड्याची पावती देणं कायद्याने बंधनकारकच आहे. परवान्याची मुदत संपल्यानंतर आलेली रक्कम ‘भाडं’ म्हणून घेऊ नये, वापराच्या नुकसानभरपाईपोटी घेतल्याचं नमूद करावं. थकबाकी अंगावर असताना कराराचं नूतनीकरण तर मुळीच करू नये.

हप्ते बांधून देताना मालक बहुधा भावनेच्या भरात हिशोब विसरतात. ५४,०००ची बाकी सहा हप्त्यांत म्हणजे महिना ९,०००, आणि चालू भाडं १८,०००. एकूण २७,०००. ज्याला १८,००० जमले नाहीत त्याला २७,००० कसे जमणार? नवी नोकरी लागली असेल, पगार सुरू झाला असेल तर हप्ते जरूर द्यावेत. तसं काही नसेल तर दोघांनी समोरासमोर बसून घर सोडण्याची तारीख ठरवणं अधिक माणुसकीचं आहे. भाडेकरूच्या डोक्यावर कर्ज चढत जात नाही आणि मालकाचं घर मोकळं होतं. काही वेळा थकबाकीचा भाग सोडून द्यावा लागतो. दोन महिन्यांचं भाडं सोडून किल्ली मिळत असेल तर तो सौदा मी तरी घेईन. तडजोड मात्र लेखी हवी: ताबा दिल्याची तारीख, मीटरचं रीडिंग, किती किल्ल्या परत आल्या, किती रक्कम सोडली, दोघांच्या सह्या.

नळ आणि वीज तोडण्याबद्दल शंकेला जागा नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या २९व्या कलमानुसार योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सोय तोडणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि भाडं थकलं हे त्यासाठी कारण होत नाही. माणूस बाहेर गेलेला असताना कुलूप बदललं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या ६व्या कलमाखाली तो सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो. सामान बाहेर काढणं, चार माणसं पाठवणं यात तर पोलीस ठाण्याची पायरी मालकालाच चढावी लागते. याउलट थकलेल्या भाड्याची तक्रार घेऊन ठाण्यात गेलात तर ‘हा दिवाणी वाद आहे’ असंच उत्तर मिळतं आणि ते बरोबर आहे.

करोनाच्या टाळेबंदीत हे नातं सगळ्यात जास्त ताणलं गेलं. एप्रिल २०२०मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, भाडं थकलं म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये, अशा सूचना दिल्या. ती माफी नव्हती, सवलत होती. पण पुष्कळ ठिकाणी एका बाजूने माफी धरली आणि दुसरीने धरली नाही, त्यातून भांडणं झाली. जून २०२१मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे आणि सलग दोन महिने भाडं थकून महिन्याच्या नोटिशीनंतरही आलं नाही, तर ताबा मागता येतो. मात्र हा केवळ नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्या वादाला त्यातले नियम लावू नयेत.

घर मोकळं झालं तरी पैसे मिळतातच असं नाही. ताब्याचा आदेश आणि रकमेची वसुली या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थकलेल्या भाड्याच्या वसुलीचा दावा ते देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. नवा पत्ता, नोकरीचं ठिकाण, ओळखपत्राची प्रत या गोष्टी करार करतानाच घेतलेल्या असल्या तर त्या दाव्याला काही अर्थ राहतो. वकिलाच्या फीच्या धास्तीने गप्प बसणाऱ्यांनी आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावं. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळू शकतो. ती घराची मालकीण असो की भाडेकरू.