ओल्या लाकडावरचे कातकाम : शिकणाऱ्याला रमवणारा हुन्नर

कोणताही हुन्नर शिकताना सुरुवातीचे महिने सर्वात कठीण जातात. हात बसलेला नसतो, माल वाया जातो, उस्तादाची बोलणी खावी लागतात आणि पदरात पैसा पडत नाही. आपल्या समाजातील कितीतरी मुले याच काळात काम सोडून रोजंदारीला लागतात. म्हणून ज्या कामात शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून गोडी लागते आणि वाया जाणारा माल जळणाच्या किमतीचा असतो, अशा कामाकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधीत आहोत. ते काम म्हणजे ताजे, ओले लाकूड लेथवर कातणे.

कुरुंदवाड हे पंचगंगेच्या काठचे गाव. समोरच नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. मुलूख काळ्या जमिनीचा आणि उसाचा. बांधांवर बाभूळ, चिंच, कडुनिंब. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या भागाचे किती नुकसान झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पुरात आणि वळवाच्या वाऱ्यात पडलेल्या झाडाचे सरळ खोड वखारीत जाते. फांद्या, बुंध्याचे वाकडे तुकडे आणि गाठी यांचे मात्र सरपण होते. कातारी नेमका याच तुकड्यांतून वाडगा, पेला, मूठ आणि भोवरा काढू शकतो.

आपला जुना धंदा

कातकाम आपल्याला परके नाही. लेथला आपण खराद म्हणतो, तो शब्द मुळात अरबी 'खर्रात' म्हणजे कातारी यावरून आलेला आहे. कैरोच्या जुन्या घरांच्या मशरबिया, म्हणजे लाकडी जाळीच्या खिडक्या, अशाच कातलेल्या लहान लहान तुकड्यांच्या बनवलेल्या असतात. तुकडे एकमेकांत खोवलेले असल्यामुळे कोरड्या हवेत लाकूड आकसले तरी जाळी फाटत नाही. हजरत जकरिया (अ.) हे सुतार होते, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. लाकूडकामाला याहून मोठा मान कोणता?

जवळचे उदाहरण मिरजेचे आहे. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे होते. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यांचे काम हाती घेतले. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांचे जन्मगाव कुरुंदवाड, ते पं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच गाणे शिकले. एक धंदा बुडाला म्हणून हातातली कला बुडत नाही, ती दुसरीकडे वळवता येते, हा मिरजेचा धडा आहे.

गोडी कशात आहे?

वाळलेले बाभळीचे लाकूड लेथवर चढवले तर नवशिक्याचा जीव मेटाकुटीला येतो. पटाशी उसळते, धार पटकन जाते, धूळ नाकातोंडात बसते. तेच लाकूड ओले असेल तर काम निराळे. आम्ही स्वतः हात चालवून पाहिला तेव्हा फरक लगेच कळला. गोल पटाशी टेक्यावर नीट ठेवली की लाकडातून फितीसारख्या लांब सळसळत्या साली निघतात आणि हातावरून ओघळत खाली पडतात. लाकडातले पाणी बारीक तुषारांनी मनगटावर उडते. चिंच, आंबा, जांभूळ यांचा वास वेगवेगळा, तो शेडभर पसरतो. धूळ जवळजवळ नाहीच. ओबडधोबड ठोकळा 'धबधब' आवाज करीत फिरू लागतो आणि गोल होत जाईल तसा आवाज सौम्य होतो. काम बरोबर चालले आहे हे सांगायला उस्ताद शेजारी असण्याची गरज राहत नाही, कानच सांगतात.

हात शिकतो तो इथे. धारेमागचा उतार आधी लाकडाला टेकवायचा, मग मूठ हळूहळू उचलून धार लावायची. दांड्यासारखे काम असेल तर जाडीकडून बारकाईकडे यायचे. जबरदस्ती केली की पटाशी अडकते, सैल सोडली की थरथरते. ओले लाकूड मऊ असल्याने थोडीफार चूक पोटात घालते.

ओल्या लाकडाचा स्वभाव

ताज्या तोडलेल्या कित्येक लाकडांत जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. लाकडाच्या पोकळ्यांतले पाणी आधी जाते, तोवर आकार बदलत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतींतले पाणी निघू लागते आणि लाकूड आकसते. हे आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसते. वर्तुळाच्या कडेकडेने ते मध्यातून बाहेरच्या दिशेच्या मानाने साधारण दुप्पट असते. म्हणून आज गोल कातलेला वाडगा महिन्याभरात लंबगोल होतो, आणि खोडाचा गाभा मध्ये राहिला असेल तर हमखास तडकतो.

यावर कातारी दोन उपाय करतात. पहिला उपाय दोनदा कातण्याचा. गाभा टाळून ठोकळा घ्यायचा, वाडगा जाडजूड ठेवायचा. हिशेब सोपा आहे : रुंदीच्या एक दशांश जाडी, म्हणजे १० इंची वाडग्याला १ इंच. मग उघड्या टोकांना मेण लावून तो सावलीत, त्याच्याच सालींत पुरून काही महिने ठेवायचा. दर आठवड्याला तराजूत घालून वजन लिहून ठेवावे. वजन उतरायचे थांबले की वाडगा वाळला असे समजावे आणि पुन्हा लेथवर चढवून गोल करावा. दुसरा उपाय म्हणजे पहिल्याच वेळी पाव इंचाहून पातळ कातणे. असा वाडगा वाकतो, पण सहसा तडकत नाही, आणि त्याचे वाकडेपणच काही गिऱ्हाइकांना आवडते.

इंग्लंडमध्ये हाय विकम भागातले कारागीर बीचच्या जंगलात पायाने चालणाऱ्या लेथवर खुर्च्यांचे पाय ओलेच कातीत. पाय वाळल्यावर कारखान्यात जात आणि तिथे खुर्ची जुळवली जाई. ओले काम आणि वाळलेला माल यांचा मेळ त्यांनी असा घातला होता.

सचोटीची कसोटी

इथेच या धंद्यातला खरा पेच आहे. ओल्या लाकडाचे लाटणे कातायला सोपे, दिसायला देखणे आणि बाजारात त्याच दिवशी खपणारे. महिन्याभराने ते वाकते, पोळपाटावर डगमगते आणि घरची बाई दुकानदाराला बोल लावते. तोवर पैसे कारागिराच्या खिशात गेलेले असतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाही असे विचारून त्यांनी फसवणाऱ्याला आपल्यातला मानण्यास नकार दिला. ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. लाकडालाही ती जशीच्या तशी लागू पडते. लाटणे, पलंगाचे पाय, सतारीच्या खुंट्या हा माल वाळलेल्या लाकडाचाच असला पाहिजे. ओला वाडगा विकायचा असेल तर तो वाकणार हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. कमाई हलाल राहते आणि गिऱ्हाईकही टिकते.

काळजी आणि कायदा

सैल बाही, गळ्यातला रुमाल आणि हातमोजे लेथपाशी नकोत, ते गुंडाळले जाऊन हात ओढला जातो. डोळ्यांपुढे काच हवी. १० इंची वेड्यावाकड्या ठोकळ्याला मिनिटाला ५०० ते ६०० फेऱ्यांच्या पुढे नेऊ नये, आणि लेथ सुरू करताना ठोकळ्याच्या अगदी रेषेत उभे राहू नये. बाभळीच्या रसाने लोखंड काळे पडते आणि लाकडावर निळे डाग उठतात, तेव्हा काम संपताच हत्यारे पुसून तेल लावावे. कण्हेर विषारी असल्याने तिची भांडी करू नयेत. खाण्याच्या भांड्याला जवसाचे कच्चे तेल चालते.

पडलेले लाकूड मालकाला विचारूनच घ्यावे. उभ्या झाडाला हात लावण्यापूर्वी नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ च्या आणि बाहेर १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते का ते पाहावे.

२०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ धंद्यांत सुतारकाम आणि खेळणी बनवणे यांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाचे विनातारण कर्ज ठेवले आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको असेल त्यांनी निदान प्रशिक्षण आणि हत्यारांच्या मदतीची चौकशी जवळच्या नागरी सुविधा केंद्रात करावी.

ज्यांच्याकडे लेथ आहे अशा आमच्या कारागीर बांधवांना एकच विनंती. जुम्याच्या नमाजनंतर तास-दोन तास मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलाला जळणातला ओला ओंडका द्या आणि पटाशी हातात द्या. साल फितीसारखी निघाली की दुसऱ्या जुम्याला त्याला बोलवावे लागणार नाही.