अमेरिकन मोटारीची उतरती कळा

बुलढाणा शहरास अजून आगगाडी नाहीं. मलकापुरास उतरून राजूरचा घाट चढावा, तेव्हां कोठें आमचें गांव दिसतें. अशा ठिकाणीं बसून एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकानें अमेरिकेंतील मोटारधंद्याची काळजी वाहणें म्हणजे शुद्ध लष्कराच्या भाकऱ्या भाजणें होय, असें आमच्या घरची मंडळी म्हणतात. त्यांचें म्हणणें वरवर पाहतां बिनतोड आहे. जन्मभर आम्हीं मुलांकडून रूपें व समास घोकवून घेतले. स्वतःच्या नांवावर मोटार कधीं झाली नाहीं. परंतु कोणास गाण्याचा नाद असतो, कोणास पत्त्यांचा. तसा आम्हांस मोटारींचा आहे, आणि नादापुढें घरच्यांचा युक्तिवाद चालत नाहीं हें वाचकांस अनुभवानें ठाऊक असेलच.

तथापि या लेखास केवळ नाद हें कारण नाहीं. खामगांव, चिखली, मेहकर, मलकापूर येथील कितीतरी मुलें शिक्षण संपतांच पुण्याकडील चाकण, तळेगांव, रांजणगांव या पट्ट्यांत मोटारींच्या कारखान्यांत कामास जातात. घरोघरीं त्यांच्या पगारावर बहिणींचीं लग्नें होतात, घरांवर स्लॅब पडते. अमेरिकेंत एका टेबलाभोंवतीं झालेला ठराव आपल्याकडील चुलीपर्यंत कसा येऊन पोंचतो, हें गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रानें पाहिलें आहे. म्हणून या धंद्याचा उदय कशानें झाला आणि त्यास ओहोटी कां लागली, याचा थोडा विचार करूं.

आपल्याकडील आगमन

अमेरिकन मोटार आपणांस परकी कधींच नव्हती. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला; फोर्डनें त्याच्या थोडें आधीं हिंदुस्थानांत पाय रोवले होते. इंग्रजी गाडी नाजूक व महाग. अमेरिकन गाडी जमिनीपासून उंच, दणकट आणि धुळीच्या रस्त्यास न कुरकुरणारी. त्यामुळें राज्य इंग्रजांचें असूनहि रस्त्यावर मान अमेरिकन गाडीस मिळे.

ही विद्या देशांत यावी म्हणून ज्यांनीं खटपट केली त्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद अग्रगण्य होत. मोटारीच्या कारखान्यासाठींच ते १९३९ सालीं अमेरिकेस गेले. परततांना विमानांत विल्यम पॉली यांची गांठ पडली आणि त्या भेटींतून बंगळूरचा विमानांचा कारखाना आधीं उभा राहिला! मोटारीचा मनोरथ पुरा होण्यास वेळ लागला. फोर्डशीं बोलणें फिसकटलें, क्रायस्लरशीं जमलें, आणि १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं गाड्या बाहेर पडूं लागल्या. महिंद्र बंधूंनीं १९४९ सालीं माझगांवास विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. सरकारनें पुढें असा दंडक घातला कीं, नुसती जोडणी पुरे नाहीं, भागहि येथेंच बनविले पाहिजेत. तेव्हां १९५३-५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघींनींहि गाशा गुंडाळला. जीप मात्र राहिली. आमच्या लहानपणीं तहसीलदारांची, पाटबंधाऱ्यांची आणि निवडणुकीचीहि स्वारी जीपमधूनच येई. आणि पुढें तिच्याच वंशांतील कमांडर गाडीनें आमच्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांची माणसें टपावर बसवून बाजारास नेलीं.

वैभव कशानें आलें?

हेन्री फोर्ड यांनीं १९०८ सालीं ‘मॉडेल टी’ नांवाची गाडी काढली तेव्हां तिची किंमत ८५० डॉलरच्या आसपास होती. १९१३ सालीं त्यांनीं सरकता पट्टा बसविला. मजूर जागचा हलावयाचा नाहीं, काम त्याच्यापुढें चालत यावयाचें. सांगाडा जोडण्यास जेथें बारा तासांहून अधिक वेळ लागे, तेथें तो दीड तासावर आला. पुढील वर्षीं फोर्ड यांनीं मजुरी दिवसास पांच डॉलरपर्यंत वाढविली, म्हणजे पूर्वीच्या सुमारें दुप्पट केली. मजुरी वाढत असतां गाडीची किंमत उतरत उतरत तीनशें डॉलरच्या खालीं गेली! १९२७ पर्यंत अशा दीड कोटि गाड्या विकल्या गेल्या. जो गाडी बनवितो त्यास ती विकत घेतां यावी, हें या वैभवाचें मूळ सूत्र होय.

त्या सूत्रावर भाष्य रचलें तें जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनीं. शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत त्यांनीं जणूं एक जिना बांधला. माणसाची मिळकत वाढेल तसतशी त्यानें एकेक पायरी चढावी. वर्षास रूप बदलण्याची प्रथाहि त्यांचीच. विक्री अफाट वाढली. परंतु रोगाचें बीजहि येथेंच पडलें. जुन्याच भांड्यास दरसाल कल्हई लावून तें नवें म्हणून विकावें, तसें पुढें पुढें होऊं लागलें. १९५९ च्या कॅडिलॅकचीं तीं मागील उंच पिसें पाहावीं. तीं डोळ्यांस मोह घालतात हें आम्ही कबूल करतों; परंतु त्यांनीं गाडी वळत नाहीं कीं थांबत नाहीं.

रोगाचीं तीन कारणें

अमेरिकन मोटारधंदा जपान्यांनीं बुडविला असें म्हणण्याची चाल आहे. आमच्या मतें जपानी हे निमित्तमात्र. मूळ कारणें तीन.

पहिलें कारण, सामान्य गिऱ्हाइकाचा विसर. लहान गाडींत नफा लहान, मोठ्या गाडींत मोठा. म्हणून लहान गाडीकडे सावत्र अपत्यासारखें पाहिलें गेलें. १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव कांहीं महिन्यांत चौपट झाले, तेव्हां तें गिऱ्हाईक टोयोटा आणि होंडा यांच्या दारीं गेलें. तेथें त्यास स्वस्त गाडी तर मिळालीच, पण ती न बिघडणारी होती, आणि मग तें परत आलें नाहीं. संस्कृत शास्त्रकारांचा ‘घट्टकुटीप्रभात’ नांवाचा एक न्याय आहे. जकात चुकविण्यासाठीं एक व्यापारी रात्रीं आडवाटेनें निघाला; रात्रभर चालला; आणि उजाडतां पाहतो तों जकातीच्या नाक्यापुढेंच उभा! अमेरिकन कंपन्यांचें असें एकदां नव्हे, दोनदां झालें. १९७३ नंतर शहाणपण आलें, तेल स्वस्त होतांच तें गेलें, आणि २००८ सालीं तेल पुन्हां भडकलें तेव्हां कोठारांत उभ्या होत्या त्या हत्तीएवढ्या गाड्या.

दुसरें कारण, एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस चटकन् कळेल. १९५० सालीं कामगारसंघ आणि जनरल मोटर्स यांच्यांत मोठा करार झाला. त्यांत पेन्शन आणि औषधपाणी कंपनीकडे आलें. मिळवते पुष्कळ होते तोंपर्यंत ठीक चाललें. पुढें यंत्रें वाढलीं, विक्री घटली. मिळवते थोडे आणि आश्रित फार झाले. २००५ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या एकेका गाडीच्या किमतींत सुमारें १,५०० डॉलर नुसत्या औषधपाण्याचे असत. जपानांत हा भार बऱ्याच अंशीं सार्वजनिक व्यवस्था उचलते. आतां, पेन्शनीवर जगणाऱ्या मास्तरानें पेन्शनीस नांवें ठेवणें शोभणार नाहीं, आणि आम्ही ठेवीतहि नाहीं. म्हातारपणाची भाकर देणें हा दोष नव्हे. सुगीच्या वर्षीं वचन द्यावयाचें आणि त्यासाठीं कणगी भरून ठेवावयाची नाहीं, हा दोष.

तिसरें कारण, शिकण्याचा कंटाळा. कॅलिफोर्नियांत फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना बेशिस्तीमुळें कुप्रसिद्ध होता; तो १९८२ सालीं बंद पडला. १९८४ सालीं टोयोटाच्या भागीदारींत तोच पुन्हां उघडला; कामगार बहुतांशीं तेच, संघहि तोच. परंतु आतां चूक दिसतांच दोरी ओढून सारा पट्टा थांबविण्याचा अधिकार साध्या कामगारास मिळाला. थोड्याच काळांत तेथील गाड्या अमेरिकेंतील उत्तम गाड्यांत गणल्या जाऊं लागल्या. वर्ग तोच, मुलें तींच, शिकविण्याची रीत तेवढी बदलली! ज्यानें फळ्यापुढें आयुष्य काढलें त्यास या उदाहरणाचें मोल सांगावयास नको. परंतु घरांत शिकवणी चालू असतां उरलेल्या कारखान्यांनीं ती फार उशिरां आणि अर्धीमुर्धीच घेतली.

२००८ चा कडेलोट

२००८ या एका वर्षांत जनरल मोटर्सला सुमारें ३१ अब्ज डॉलर तोटा आला. नोव्हेंबरांत तिन्ही कंपन्यांचे अध्यक्ष सरकारकडे मदत मागावयास वॉशिंग्टनला गेले, ते आपापल्या खासगी विमानानें! भिक्षापात्र हातीं घेऊन पालखींतून यावें तसा हा प्रकार. लोक इतके संतापले कीं डिसेंबरांत तेच गृहस्थ मोटारींतून आले. २००९ सालीं ३० एप्रिलला क्रायस्लरनें आणि १ जूनला जनरल मोटर्सनें दिवाळखोरीचा अर्ज केला. सरकारनें जनरल मोटर्समध्यें सुमारें ५० अब्ज डॉलर घातले. त्यांतले दहा अब्जांहून अधिक परत आले नाहींत. पाँटियाक, सॅटर्न हीं नांवें पुसलीं गेलीं. १८९७ पासूनची ओल्ड्समोबिल आधींच, २००४ सालीं गेली होती. क्रायस्लर इटलीच्या फियाटकडे गेली. फोर्ड मात्र वांचली, कारण तिनें २००६ सालींच, आपल्या निळ्या नाममुद्रेसुद्धां सारी मालमत्ता गहाण टाकून, सुमारें २३.६ अब्जांचें कर्ज उभें केलें होतें. अब्रू गहाण टाकून घर वांचविलें आणि २०१२ सालीं ती सोडवूनहि आणली. हें आम्हांस कौतुकास्पद वाटतें.

याच ओढाताणींत २००८ सालीं फोर्डनें जग्वार आणि लँडरोव्हर या दोन कंपन्या टाटा मोटर्सला २.३ अब्ज डॉलरला विकल्या. स्वतः घेतांना त्यांस दुपटीहून अधिक मोजले होते. आणि डेट्रॉइट शहर? १९५० सालीं तेथें अठरा लाखांवर वस्ती होती. २०१० सालीं सातच लाख उरली. १८ जुलै २०१३ रोजीं त्या शहराच्या नगरपालिकेनेंच दिवाळें जाहीर केलें.

तळेगांवचें शीत

भात शिजला कीं नाहीं हें एका शितावरून कळतें. त्यास ‘स्थालीपुलाक’ न्याय म्हणतात. आमच्यापुरतें तें शीत तळेगांव होय. जनरल मोटर्स नव्वदीच्या दशकांत पुन्हां हिंदुस्थानांत आली होती; २००८ सालीं तिनें तळेगांवास कारखाना काढला. शेव्हरोले बीट ही सुबक लहान गाडी तेथें होई. परंतु गिऱ्हाइकाचा विश्वास जडला नाहीं. धुराच्या चाचणींतील गैरप्रकार उघडकीस आल्यानें २०१३ सालीं सुमारें १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१७ अखेर कंपनीनें येथील विक्री थांबविली. कारखाना निर्यातीपुरता चालला, आणि डिसेंबर २०२० मध्यें तोहि थांबला. पुढील एप्रिलांत सुमारें चौदाशें कामगारांस कामावरून कमी केल्याच्या नोटिसा मिळाल्या. दिवस महामारीचे. हातीं घराचें कर्ज, पदरीं लहान मुलें, वय चाळिशीच्या आंत-बाहेर. प्रकरण न्यायालयांत गेलें. चिनी कंपनीस विकण्याचा बेत फसला. २०२३ सालीं ह्युंदाईनें कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ सालीं तेथून पुन्हां गाड्या निघूं लागल्या. इमारतीस नवा धनी मिळाला. जुन्या कामगाराचीं मधलीं वर्षें त्यास कोण परत देणार? फोर्डनेंहि २०२१ सालीं हिंदुस्थानांतील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें.

आमचें मत

अमेरिकन मोटार मेली असें आम्ही म्हणत नाहीं. स्वदेशांत जनरल मोटर्स अजूनहि अग्रभागीं आहे. जीपच्या नांवाची गाडी २०१७ पासून आपल्या रांजणगांवासच तयार होऊं लागली. परंतु २०१८ सालीं फोर्डनें अमेरिकेंत लहान व मध्यम प्रवासी गाड्या बहुतेक बंद करण्याचें ठरविलें, तें वाचून आम्हांस तो जकातनाका पुन्हां दिसूं लागला. विजेच्या गाड्यांत चिनी कारखानदार ज्या वेगानें पुढें सरसावले आहेत तो पाहतां, आयातीवर जबर कर बसवून कारखाना कांहीं काळ झांकतां येईल, सुधारतां येणार नाहीं.

आपल्या कुटुंबांनीं यांतून काय घ्यावें? एक तर, मुलगा मोठ्या कंपनींत लागला म्हणजे जन्माची ददात मिटली, हा समज सोडावा. जनरल मोटर्सहून मोठी कंपनी शंभर वर्षांत क्वचित् झाली असेल. तिचें छत्र उडालें. मुलाच्या हातांत जें कसब आहे तेंच त्याचें, आणि तें दर चार-पांच वर्षांनीं धार लावून घ्यावें लागतें. नोकरी लागल्याबरोबर वीस वर्षांचें कर्ज त्याच्या मानेवर बसविण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं वर्षभराच्या खर्चाची शिल्लक आधीं टाकावयास लावावी. दुसरें, गाडी घेतांना शेजाऱ्याच्या दाराकडे न पाहतां आपल्या रस्त्याकडे पाहावें. पांच माणसांच्या घरानें वर्षांतून एकदां शेगांवास जाण्यासाठीं आठ जणांची गाडी हप्त्यानें घेणें, हा त्याच मोठेपणाच्या रोगाचा घरगुती प्रकार होय. फरक इतकाच कीं, आपल्या मदतीस कोणतेंहि सरकार पन्नास अब्ज घेऊन येणार नाहीं.