लोकांचा शब्द आणि आपली किंमत

'लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये', हा उपदेश आपल्याकडे फार स्वस्त आहे. उपदेश करणाऱ्याचे बहुधा बरे चाललेले असते. कचेरीत, बँकेत, दुकानात त्याला 'या, बसा' म्हणणारे लोक असतात. ज्याला दिवसभर 'ए, इकडे ये' एवढेच ऐकावे लागते, त्याने कान कोठे ठेवून यावे? कामगार चळवळीत इतकी वर्षे काढल्यावर आम्हांला हा प्रश्न जरा वेगळ्या बाजूने मांडावासा वाटतो. दुसऱ्याचा शब्द आपल्या मनात घर का करतो आणि तो बाहेर कसा काढता येतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात यासाठी आरशाची उपमा दिली. आपण दुसऱ्याला कसे दिसत असू याची आपण कल्पना करतो. त्यावरून त्याचे आपल्याविषयी काय मत होत असेल हे मनाशी ठरवतो. आणि त्या मानलेल्या मतावरून आपल्याला अभिमान तरी वाटतो, किंवा शरम तरी. याचा अर्थ, माणूस स्वतःची किंमत एकट्याने ठरवीत नाही. यात मनाचा दुबळेपणा मानण्याचे कारण नाही. माणूस माणसांत राहतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

परंतु सगळेच आरसे सारखे नसतात. रस्त्यात अनोळखी माणसाने शिवी दिली तर चार घरे पुढे गेल्यावर आपण ती विसरतो. मुकादमाने 'बिनकामाचा' म्हटलेले मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावरही ऐकू येते. कारण मुकादमाच्या हातात उद्याची हजेरी असते, तो शब्द रोज उच्चारला जातो, आणि उलट उत्तर देण्याची सोय नसते. असे काही वर्षे चालले की कामगार स्वतःच म्हणू लागतो, "आम्ही काय, अडाणी माणसं!" मग मुकादमाला बोलण्याचेही कष्ट पडत नाहीत.

शिवीपेक्षाही हाक अधिक खोल जाते. मुंबईत घरगड्याला, त्याचे खरे नाव काहीही असो, 'रामा' म्हणून हाक मारण्याची रीत होती. देवाचेच नाव, त्यात अपमान कसला, असे कोणी विचारील. अपमान नावात नव्हता. 'तुझे नाव विचारण्याची आम्हांला गरज नाही', या गृहीतात होता.

हीच रीत सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही होती. तेथील पुलमन कंपनीच्या शयनगाड्यांवर प्रवाशांची सेवा करण्यासाठी काळे लोक नेमले जात. त्यांपैकी पहिले बरेचसे गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले होते. प्रवासी त्या साऱ्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणत, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याचीच ती जुनी चाल होती. १९२५ साली या सेवकांनी संघटना बांधली आणि ए. फिलिप रँडॉल्फ यांना पुढारी केले. ते स्वतः कंपनीचे नोकर नव्हते, त्यामुळे कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ साली कंपनीने करार केला. पगार वाढले, महिन्याचे सुमारे चारशे तासांचे काम दोनशे चाळीस तासांवर आले. ज्यांना नावही नव्हते, त्यांच्या संघटनेच्या नावापुढे कंपनीला सही करावी लागली.

इतके लांब जाण्याचेही कारण नाही. पुण्यात उकिरड्यावरून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांना लोक 'कचरेवाली' म्हणत आणि चोरीचा संशयही आधी त्यांच्यावरच घेत. प्रौढशिक्षणाच्या कामानिमित्त त्यांच्यात मिसळलेले कार्यकर्ते आणि डॉ. बाबा आढाव यांच्यासारखे कष्टकऱ्यांचे पुढारी यांच्या प्रयत्नांतून १९९३ साली या बायकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. या नावात कचरा हा शब्दच नाही, हे पाहण्यासारखे आहे. त्यात माल आहे आणि कष्ट आहेत. पुढे काही वर्षांतच महानगरपालिकेने मान्य केलेली, छायाचित्र असलेली ओळखपत्रे त्यांच्या हाती आली. 'तू कोण गं?' या प्रश्नाला दाखवावयास उत्तर मिळाले. २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करण्याच्या कामाला लागली.

या दोन्ही उदाहरणांत कोणी 'मन खंबीर करा' असे सांगून थांबले नाही. अपमानाचा शब्द एकट्याने ऐकला की तो खरा वाटतो. शेजारच्या चौघांनाही तोच शब्द रोज ऐकावा लागतो असे कळले, की दोष आपल्यात नसून व्यवस्थेत आहे हे उमगू लागते. मग आपल्या बरोबरीचे लोक दुसरा शब्द देतात, आणि त्या शब्दामागे करार, ओळखपत्र, रजा, पगार उभा राहिला की तो टिकतो.

गोड शब्दालाही हीच कसोटी लावावी. 'तुम्ही आमच्या घरचेच' असे म्हणणारा मालक पुष्कळ वेळा ओव्हरटाइमचे पैसे बुडवताना दिसतो. स्तुतीने हुरळणारा माणूस निंदेने तितकाच खचतो. दोन्ही वेळी आपल्या किमतीची किल्ली त्याने दुसऱ्याच्या हाती दिलेली असते.

शेवटी एक कडू गोष्ट. कारखान्यात 'ए' ऐकून आलेला माणूस घरी बायकोला 'तुला काय कळतंय?' म्हणतो, आणि मुलाला 'गाढवा' म्हणतो. घरात त्यांची भाकरी त्याच्या हातात असते, तो रोज बोलतो, आणि त्यांना उलट बोलण्याची सोय नसते. मुकादमाच्या शब्दाला धार देणाऱ्या साऱ्या गोष्टी येथेही हजर आहेत. म्हणून लोक आपल्याला काय म्हणतात याची चौकशी करताना, ज्यांचे पोट आपल्यावर अवलंबून आहे त्यांना आपण काय म्हणतो, याचीही करावी. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे काय? नसेल, तर उद्या सकाळी त्या आल्यावर विचारून घ्यावे.