शाकारण्याआधीची डागडुजी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते. मे सरता सरता हर्णै, देवगड, मालवणकडे बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. सुतार, मेकॅनिक आणि रंगारी कामाला लागतात. वर्षानुवर्षांच्या या शिरस्त्यामुळे बोटीची निगा म्हणजे पावसाळ्यातलं काम, असा समज पक्का झाला आहे. बोट झिजते ती मात्र उरलेल्या दहा महिन्यांत, आणि त्या महिन्यांत तिच्यावर स्वयंपाक करणारे, झोपणारे, जाळी ओढणारे असतात तांडेल आणि खलाशी. बोट किती वर्षं टिकणार हे बरंचसं त्यांच्या हातात असतं. म्हणूनच त्यांच्या रोजच्या डागडुजीला कामाचा दर्जा आणि मोबदला मिळायला हवा.

झीज इतक्या वेगाने का होते, याचं पहिलं उत्तर उष्णतेत आहे. कोकणालगतचं पाणी बहुतेक वर्षभर २५ ते ३० अंशांच्या आसपास असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि गंज ही रासायनिक क्रियाच आहे. शिवाय गरम पाण्यात तळाला शेवाळ, बार्नॅकल आणि लाकूड पोखरणारा शिपवर्म यांना हिवाळ्याची विश्रांती नसते. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि तिला वेस्ट इंडीजच्या पाण्यात धाडलं. शिपवर्म अडला, पण तांब्याला चिकटलेले लोखंडी खिळे पार खाल्ले गेले, कारण खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक बळी जातो. आज पंख्याच्या दांड्यापाशी जस्ताचा तुकडा बसवतात, तो असा बळी मुद्दाम देण्यासाठीच. तो निम्मा झिजला की बदलायचा असतो, आणि ती वेळ पावसाळ्याची वाट पाहत थांबत नाही.

डोळ्यांना फसवणारी झीज तर याहून वाईट. लाकडी बोटीला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा डेकवर साचलेलं गोडं पाणी लवकर कुजवतं, कारण मीठ बुरशीला आवरून धरतं. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टचं डोकं लखलखीत असतं आणि ओल्या लाकडात रुतलेली दांडी आतून खंगलेली असते; हवा न मिळाल्याने तिच्यावरचा रक्षक थर पुन्हा धरतच नाही. अशा ठिकाणची पहिली खूण म्हणजे फटीतून उतरलेला तांबूस ओघळ. तो रोज तिथे वावरणाऱ्याला दिसतो. जूनमध्ये तळ घासून रंग चढवला की तो ओघळही पुसला जातो. त्यातून रत्नागिरीकडच्या बोटींवर काम करणारे नेपाळचे आणि परप्रांतातले कितीतरी खलाशी याच सुमारास गावी निघतात. म्हणजे दुरुस्ती सुरू होते तेव्हा बोटीचं दुखणं ठाऊक असलेली माणसं तिथे नसतात.

यावर मालक म्हणतील, फायबरच्या बोटी आल्या, आता एवढी काळजी कशाला? फायबर कुजत नाही हे खरं, पण उन्हाने त्याचा वरचा थर पांढुरका पडतो, नायलॉनचे दोर कमजोर होतात, आणि इंजिन, पंखा, वायरिंग धातूचंच राहतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जाळी ओढून थकलेल्या माणसाकडून आणखी काम का घ्यायचं? तो मान्य करूनच मार्ग काढावा लागेल. हे काम वाट्याच्या हिशेबात धरलं पाहिजे, फुकटचं नको. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, तोही रास्त. जिथे शेगडी पेटते तिथे थिनर उघडू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला गॅस बोटीच्या तळात साठतो आणि एका ठिणगीवर भडकतो. तेव्हा रंग, तळ आणि घासकाम बंदराचंच. पाहणी, वंगण, पाणी उपसणं, जस्त बदलणं आणि नोंद ठेवणं मात्र बोटीवरच्यांचं.

ही विभागणी मोठ्या सफरींतही दिसते. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. बांधणीच्या काळापासून ते त्या बोटीशी जोडलेले होते, आणि वाटेत चार बंदरं घेतली. ‘तारिणी’ या तशाच बोटीवरील सहा नौदल अधिकारी महिलांनाही २०१८ मध्ये सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसला थांबावं लागलं. बोटीवरची निगा बंदराची गरज संपवत नाही. बंदरात नेमकं काय दुरुस्त करायचं, ते ती सांगते. म्हणून तांडेलाजवळ बिघाडांची एक वही असावी, खलाशी गावी निघण्याआधी मालकाने ती त्यांच्यासोबत बसून वाचावी, आणि शाकारलेल्या बोटीवर सुतार-मेकॅनिकने पहिला हात त्या यादीवरून घालावा. यासाठी नवं यंत्र लागत नाही; लागतो तो थोडा वेळ आणि त्या वेळेचे पैसे.